‘कमी पाणी’ म्हणजे किती पाणी? बोगनवेल आणि अडेनियम यांच्याविषयी

(नागपुरातील बागप्रेमींसमोर एप्रिलमध्ये दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

नमस्कार. नवतपा, म्हणजे मेअखेरचे सर्वांत तापलेले नऊ दिवस, यायला अजून दीड महिना आहे, तरी आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी कूलरला नवी खस लावून झाली असेल आणि गच्चीवरच्या कुंड्यांची काळजी सुरू झाली असेल. अशा वेळी आपण रोपवाटिकेत जातो आणि ‘उन्हात टिकेल, पाणी कमी लागेल असे काही द्या’ एवढेच म्हणतो. समोरचा माणूस बोगनवेल आणि फुगीर बुंध्याचे अडेनियम शेजारी शेजारी ठेवतो आणि दोन्हींना एकच सूचना देतो : पाणी कमी. माझी तक्रार या दोन शब्दांविरुद्ध आहे. या दोन झाडांना ऊन, माती, पाणी आणि खत किती लागते ही तुलना आजचा विषय आहे आणि तिच्याकडे मी येणारच आहे, पण त्याआधी हे दोन शब्द मला किती महागात पडले ते सांगितले पाहिजे.

अठरा वर्षांपूर्वी मी अशीच एक जोडी घरी आणली. उन्हाळा दोन्ही रोपांनी उत्तम काढला. अडेनियम तर मेच्या उन्हात गुलाबी फुलांनी भरून गेले, आणि गच्चीवर पाय भाजत असतानाही मी ते पाहायला दुपारी वर जात असे. मग जून संपता संपता झड लागली. आठ दिवसांत अडेनियमची पाने पिवळी पडू लागली. पिवळे पान म्हणजे भुकेचे लक्षण, असे मला कोणीतरी सांगितले होते, म्हणून मी खत घातले आणि पावसाने उघडीप दिली त्या दिवशी वरून पाणीही दिले. जुलैच्या मध्यावर मी त्याच्या फुगीर बुंध्यावर अंगठा ठेवला, तेव्हा मातीलगतची साल अंगठ्याबरोबर सरकली आणि आतून आंबट वास आला. उन्हाळाभर ४५ अंशांपर्यंतचे ऊन सोसलेले झाड पंधरा दिवसांच्या पावसात आतून कुजले होते. त्याच पावसात बोगनवेल मात्र हातभर वाढली होती, भरपूर पाने आणि एकही फूल नाही.

त्या दिवसापासून झाड निवडताना मी एकच प्रश्न विचारतो : हे झाड आपले पाणी कुठे ठेवते? अडेनियम ते स्वतःच्या अंगात ठेवते. अरबस्तानातील एडनच्या परिसरापासून आफ्रिकेत सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील साहेल पट्ट्यापर्यंतच्या कोरड्या, खडकाळ भागातले हे झाड आहे. त्याचा बुंधा आपल्या घरच्या टाकीसारखा असतो, पाणी आले की भरून ठेवायचे आणि मग पुरवून वापरायचे. बोगनवेलीकडे अशी टाकी नाही. दक्षिण अमेरिकेतून आलेली ही वेल जमिनीत मुळे लांबवर पाठवून पाणी शोधते. म्हणून कुंपणालगत जमिनीत रुजलेली बोगनवेल उन्हाळाभर पाण्यावाचून रंगते, आणि तीच बोगनवेल बारा इंची कुंडीत ठेवली तर मेमध्ये एका दिवसात माना टाकते, कारण कुंडीत शोधायला जागाच उरत नाही. अडेनियमला कुंडी आणि जमीन यांत फारसा फरक वाटत नाही. ही गोष्ट कोणत्याही पाटीवर लिहिलेली नसते.

दोघांच्या नातेवाइकांकडे पाहिले तरी त्यांचे वेगळेपण उमगते. बोगनवेल ही गुलबक्षीच्या आणि आपल्या पडीक जमिनीवर पसरणाऱ्या पुनर्नव्याच्या कुळातली. जे रंगीत दिसते ते तिचे फूल नव्हे. ती छदे, म्हणजे फुलाभोवतीची रंगीत पाने आहेत, आणि खरे फूल म्हणजे त्यांच्या मधली बारीक, पांढुरकी नळी. अडेनियम कण्हेर, रुई आणि चाफ्याच्या कुळातले, म्हणून छाटले की चीक येतो आणि तो चीक विषारी असतो. आफ्रिकेत तो बाणांना लावत असत. ज्यांच्या घरी लहान मुले किंवा जनावरे आहेत त्यांनी हे कृपया गांभीर्याने घ्यावे.

आता आपल्या गावाबद्दल. नागपुरात वर्षाला साधारण १,१०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत संपतो. खाली काळी माती, भिजली की फुगणारी आणि वाळली की हात जाईल एवढ्या भेगा पडणारी. आपले शेतकरी जमिनीचा काळी, मोरांड, खरडी आणि बरडी असा भेद उगाच करत नव्हते. या दोन्ही झाडांचा ओढा बरडीकडे, म्हणजे उथळ, मुरमाड जमिनीकडे आहे, आणि आपल्या अंगणात बहुधा काळी असते.

अध्यक्षांनी वेळेची चिठ्ठी पाठवली आहे, त्यामुळे ज्या तुलनेसाठी आपण जमलो ती आता थोडक्यात सांगतो.

ऊन दोघांनाही दिवसाचे सहा तास हवे. रोपवाटिकेच्या हिरव्या जाळीखालून आणलेले अडेनियम मात्र एकदम गच्चीवर ठेवू नका, बुंध्याची साल भाजते. आठवडाभर ऊन हळूहळू वाढवा. मातीच्या बाबतीत, बोगनवेल काळ्या मातीतही जगते, फक्त खड्ड्यात मुरूम मिसळून ती उंचवट्यावर लावा आणि लावताना मुळांचा गोळा फुटू देऊ नका, कारण तिची मुळे ठिसूळ असतात. अडेनियमच्या कुंडीत निम्म्याहून जास्त जाड रेती आणि विटांचे तुकडे असावेत, वरून घातलेले पाणी क्षणात खाली उतरले पाहिजे.

पाणी : कुंडीतल्या बोगनवेलीला मेमध्ये रोज द्या, पण फुले हवी असतील त्याआधी पाने किंचित मलूल होईपर्यंत थांबा. अडेनियमला माती पूर्ण कोरडी झाल्यावर द्या. त्याचा बुंधा सर्वत्र सारखा मऊ लागला तर ती तहान असते आणि पाण्याने दोन दिवसांत भरून येते. एकाच जागी, विशेषतः मातीलगत मऊ लागला तर ती कूज असते. तेवढा भाग निरोगी गर दिसेपर्यंत कापून झाड सावलीत सुकवावे लागते. पावसाळ्यात त्याला छताखाली घ्या. हिवाळ्यात पाने गळाली की पाणी जवळजवळ बंद करा. २०१८ च्या डिसेंबरअखेरीस आपल्याकडे पारा ३.५ अंशांवर उतरला होता, अशा रात्री त्याला खोलीत न्या. आणि कूलरच्या टाकीच्या तळाचे पाणी अडेनियमला कधीही घालू नका. पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात. खसेवर साचणारा पांढरा थर तोच. बोगनवेल हे क्षार बऱ्यापैकी सोसते.

नत्राचे खत दोघांनाही बेताने द्या, नाहीतर बोगनवेलीला नुसती पाने येतात आणि अडेनियम शिडशिडीत वाढते. बोगनवेल नव्या फुटीवर फुलते, म्हणून बहर ओसरला की छाटा. अडेनियम फेब्रुवारीअखेरीस, हातमोजे घालून छाटा.

मागच्या टेबलावर बोगनवेलीच्या पेन्सिलएवढ्या जाड काड्या ओल्या पोत्यात ठेवल्या आहेत. जाताना प्रत्येकाने दोन न्याव्यात, सावलीत रेतीत लावाव्यात आणि ती रेती ओलसर ठेवावी.