बाईंची लाल आठशे आणि उरलेले मायक्रॉन

नमस्कार. मागं आवाज येतोय ना? बरं. मला भाषणाची सवय नाही, मी दिवसभर वाकून गाड्या घासणारा माणूस, तेव्हा मधेच भरकटलो तर हात वर करा. आणि जुनी गाडी चकाचक कशी करायची एवढंच ऐकायला आला असाल तर आधीच सांगून टाकतो, मी आज जास्त करून कुठं थांबायचं तेच सांगणार आहे.

एका गाडीवरच बोलतो. १९९७ ची मारुती आठशे, लाल. मालकीण म्हणजे मला चौथीत शिकवलेल्या बाई. पंचेचाळिसाव्या वर्षी गाडी शिकल्या आणि मग रिटायर होईपर्यंत शाळेत त्याच गाडीनं. पुढं गुडघे दुखायला लागले आणि गाडी उद्यमनगरजवळ त्यांच्या भावाच्या मोकळ्या जागेत जाऊन उभी राहिली, सहा वर्षं, वर चिंचेचं झाड आणि शेजारी फॅब्रिकेशनचं शेड. मुलाचं म्हणणं, भंगारात द्या नाहीतर सरळ फुल पेंट मारा. बाई माझ्याकडं आल्या आणि म्हणाल्या, "अरे, मला नवीन रंग नकोय. हिचाच रंग खाली अजून शिल्लक आहे का, तेवढं बघ."

माझ्या धंद्यात इतका नेमका प्रश्न मला कुणी विचारलेला नाही. लोक येतात आणि विचारतात शाईन किती येईल, किती महिने टिकेल. किती शिल्लक आहे हे कुणी विचारत नाही.

शिल्लक म्हणजे काय ते सांगतो. झेरॉक्सचा साधा कागद असतो ना, तो साधारण शंभर मायक्रॉन जाड. कंपनीतून आलेल्या गाडीचा सगळा रंग, म्हणजे खालचा प्राइमर धरून, बहुतेक शंभर ते दीडशेच्या मधे. त्यातला प्राइमर वजा केला की आपल्या हातात उरतो तो अर्ध्या कागदाएवढा थर, आणि प्रत्येक वेळी गॅरेजमधे 'रबिंग मारून देतो' म्हणतात तेव्हा त्यातलाच थोडा काढून फडक्याला लावतात. परत भरता येत नाही तो. म्हणून मी आधी मीटर काढतो, छोटंसं यंत्र असतं, पत्र्याला टेकवलं की जाडी दाखवतं. बाईंच्या गाडीची दारं ११० च्या आसपास, बॉनेट ९२, टप ७८. आणि डावं पुढचं मडगार्ड ५४०!

५४० म्हणजे खाली लांबी, म्हणजे पेंटरची पुट्टी, भरलेली आहे, दुसरं काही नाही. बाईंना विचारलं तर आधी म्हणाल्या कधीच काही झालं नाही, मग हळूच, "हां, ते एकदा दूधवाल्याच्या टेम्पोला..." मीटरला खोटं बोलता येत नाही बघा.

आता रंग मरतो कसा. रंगात दोन गोष्टी, एक रंगाची पूड आणि दुसरं तिला धरून ठेवणारं रेझिन. उन्हातले अतिनील किरण ते रेझिन वरून वरून तोडत जातात आणि पूड मोकळी होते. लाल रंगाचं तर विचारूच नका, लाल सगळ्यात आधी उतरतो, आधी भगवट मग गुलाबी मग पांढुरका. बाईंच्या बॉनेटवरून बोट फिरवलं तर बोटाला गुलाबी पूड. खडूच. बाईंनी माझं बोट बघितलं आणि काही न बोलता पर्समधला रुमाल पुढं केला, सवय असते.

पण ती पूड बघून मला बरं वाटलं. कारण जुन्या साध्या रंगाच्या बऱ्याच गाड्या सिंगल स्टेज असायच्या, म्हणजे रंग आणि चकाकी एकाच थरात, वर वेगळा क्लिअर कोट, म्हणजे बिनरंगाचा पारदर्शक थर, नाही. अशा रंगाचा फक्त वरचा पापुद्रा मेलेला असतो, खाली रंग जिवंत असतो. ओळखायचं कसं, तर कोपऱ्यात पांढऱ्या फडक्यावर थोडं पॉलिश घेऊन घासा, फडकं गाडीच्या रंगाचं झालं तर सिंगल स्टेज. बाईंच्या बॉनेटवर फडकं लालभडक झालं. आणि त्या ५४० वाल्या मडगार्डवर? पांढरं ते पांढरंच. म्हणजे नंतर पेंटरनं तिथं वर क्लिअर मारलेला, आणि तो क्लिअर आता नखानं सोलता येईल असा पापुद्रे सोडत होता. क्लिअर कोट असा सुटला की त्याला पॉलिशनं काही होत नाही, जगातलं कुठलंही पॉलिश आणा. व्हिडिओत करून दाखवतात ते तेल लावलेलं असतं, दोन पावसात उतरतं.

तर कामाला सुरुवात. सगळ्यात आधी पॉलिश नाही, पाणीसुद्धा नाही. आधी बॉनेट उघडून वायपरखालच्या जाळीतला चिंचेचा पाला काढला, दोन घमेली निघाला. तो पाला कुजला की पाणी जायची भोकं बुजतात आणि पावसाचं पाणी डॅशबोर्डखालून आत, मग पायाखालचा पत्रा खालून नाही, आतून गंजतो. दारांच्या खालच्या कडेलाही अशी भोकं असतात, काडी घालून मोकळी करा, चमकणाऱ्या गाडीची दारं खालून सडलेली मी किती बघितली आहेत. आतली बुरशी, उंदराचं घरटं वगैरे सांगत बसत नाही, व्हॅक्यूम, उन्हात सीट, झालं.

मग धुणं. कोरड्या फडक्यानं पुसू नका हो, कृपा करा. रोज सकाळी सोसायटीत एकाच बादलीत पंधरा गाड्या पुसल्या जातात, त्या माणसाचा दोष नाही, त्याला बादली एकच दिलीय आणि पैसे किती देतो आपण, पण त्या बादलीत चौथ्या गाडीपासून वाळूच असते आणि ती वाळू तुमच्या रंगावर गोल गोल फिरते, उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा दिसतात त्या ह्याच. आधी नुसत्या पाण्यानं भिजवा, फोम असेल तर फोम, मग दोन बादल्या, एक शाम्पूची आणि एक हात खळबळायची, वरून खाली. बोअरचं पाणी असेल तर ते गाडीवर सुकू देऊ नका, क्षार बसतात. बसलेच असतील तर पांढरं व्हिनेगर निम्मं पाणी घालून लावायचं, सावलीत, आणि लगेच धुवायचं.

धुतल्यावर बाईंच्या गाडीवरून हात फिरवला तर पॉलिश पेपर. डोळ्याला नारिंगी बारीक ठिपके. हे शेजारच्या ग्राइंडरचं काम. ठिणगी म्हणजे तापलेला लोखंडाचा कण, तो उडून येतो, रंगात रुतून बसतो आणि तिथंच गंजतो. आपल्या कोल्हापुरात फाउंड्री आणि फॅब्रिकेशन इतकं की बऱ्याच गाड्यांवर हे असतं, मालकाला वाटतं धूळ आहे. त्याच्यासाठी आयर्न रिमूव्हर मिळतं, फवारलं की लोखंडाशी लागून जांभळं होतं. मारलं, आणि दोन मिनिटांत टपावरून काचेवर जांभळे ओघळ सुरू. वास सडक्या अंड्याचा. बाई नाकाला पदर लावून उभ्या आणि तरी हलायला तयार नाहीत. "हे सगळं हिच्या अंगात होतं?" म्हटलं हो बाई. त्यानंतर क्ले, म्हणजे पिठाच्या गोळ्यासारखी माती, भरपूर शाम्पूच्या पाण्यावर नुसती सरकवायची, दाबायची नाही, खाली पडली तर फेकून द्यायची. पुन्हा उचलून वापरली तर गेले तुम्ही.

आता मशीन. इथं माझीच एक गोष्ट सांगतो. पहिल्या वर्षी मी मामाच्या गाडीवर रोटरी चालवली, लोकरीचं पॅड, जाड कंपाउंड म्हणजे पॉलिशपेक्षा खरखरीत घासायचा लेप, अंगात जोर. बॉनेटच्या धारेवर तीन सेकंद जास्त थांबलो आणि पांढरी रेघ आली. मी आधी ती पुसायला गेलो, मला वाटलं पॉलिश लागलंय. प्राइमर होता. मामा अजून लग्नाकार्यात काढतो. धारेवर, घडीवर रंग मुळातच पातळ बसतो, म्हणून धारांना मास्किंग टेप लावा आणि नवशिक्यानं रोटरीला हात लावू नये, डीए म्हणजे ड्युअल अॅक्शन मशीन घ्यावं, ते फिरतं आणि डगमगतं पण, त्यामुळं एका जागी उष्णता साठत नाही.

आणि सुरुवात सगळ्यात सौम्य गोष्टीनं. डॉक्टर कसं, आधी गोळी देतो, उतार पडला नाही तरच इंजेक्शन. बाईंच्या बॉनेटवर दीड फुटाचा चौकोन टेपनं आखला, मऊ फोमचं पॅड, बारीक पॉलिश, चार हात आडवे-उभे. पॅड लाल झालं, पुसलं, टेप काढली. चौकोनाच्या आत शाळेच्या पहिल्या दिवसाची गाडी, बाहेर गुलाबी धूळ. मला वाटलं बाईंना भरून येईल वगैरे. बाई म्हणाल्या, "फळा अर्धाच पुसलास."

म्हणजे कंपाउंडची गरजच नव्हती. पूर्ण बॉनेटवर मीटर परत लावला तर ९२ चे ८८. चार मायक्रॉन खर्च झाले. तेच रबिंगवाल्याकडं गेली असती तर गुळगुळीत झाली असती, पण किती गेलं हे त्यालाही कळलं नसतं. सिंगल स्टेजला पॅड फार लवकर भरतं एवढं लक्षात ठेवा, दर पॅनेलला बदला नाहीतर मेलेला रंगच परत जिवंत रंगावर घासत बसाल.

टपावर मात्र मी मशीन लावलंच नाही. ७८ म्हटलं ना, ते सरासरी, गटरच्या, म्हणजे टपाच्या कडेला पाणी वाहायची पन्हळ असते तिच्या, कडेला दोन जागी साठच्या खाली आणि एका ठिकाणी करडा प्राइमर डोकावत होता. तिथं मिगायर्सचं नंबर ७ ग्लेझ. ही कंपनी १९०१ ला फर्निचर पॉलिशपासून सुरू झाली, आणि हे ग्लेझ जुन्या लोकांचं आवडतं, कारण त्यात घासायला फारसं काही नाही, तेलंच आहेत. टर्किशच्या फडक्यानं जाड लावायचं, चोळायचं आणि रात्रभर सोडून द्यायचं. वाळलेला रंग तेल पितो. सकाळी पुसलं तर टप बॉनेटइतका लाल नव्हता, पण गुलाबी राहिला नव्हता. वरून कार्नोबा वॅक्स, ते ब्राझीलच्या एका ताडाच्या पानावरचं मेण. सिरॅमिक कोटिंग मारा म्हणून मुलगा मागं लागलेला. मारता आलं असतं, बिलही तिप्पट झालं असतं, पण इतक्या पातळ रंगाला मला दर तीन महिन्यांनी हातानं वॅक्स लावलेलं बरं वाटतं, त्या निमित्तानं गाडी बघितली तरी जाते.

राहिलं मडगार्ड. ते पेंटरकडं दिलं, पण सगळ्यात शेवटी. हे महत्त्वाचं आहे, लिहून घ्या हवं तर. रंग जुळवायचा तो पॉलिश केलेल्या बॉनेटशी जुळवायचा. आधी मडगार्ड रंगवलं असतं तर पेंटरनं गुलाबीशी जुळवलं असतं, आणि नुसत्या कंपनीच्या कोडवर गेलं तरी फसगत, कारण इतक्या वर्षांत मूळ लालच थोडा सरकलेला असतो. आमच्या पेंटरनं तीन पट्ट्या मारून बघितल्या तेव्हा कुठं जमलं. काळे बंपर पांढरे पडलेले, त्याला लोक खोबरेल चोळतात, दोन दिवस छान दिसतं आणि मग सगळी धूळ तिथंच चिकटते. प्लॅस्टिकचं ट्रिम ड्रेसिंग मिळतं, ते घ्या.

पडून राहिलेल्या आठशेचं म्हणाल तर देशातली पहिली आठशे, १९८३ च्या डिसेंबरात दिल्लीत हरपाल सिंग यांना इंदिरा गांधींच्या हातून किल्ली मिळाली ती गाडी, ती सुद्धा २०१० ला ते गेल्यावर घराबाहेर उघड्यावर गंजत पडली होती. फोटो फिरले, लोक हळहळले, पुढं कंपनीनं ती नीट करून आपल्याकडं ठेवली. बाईंच्या गाडीचे फोटो कोण फिरवणार, म्हणून आधी सावली बघा. आणि कव्हर घालणार असाल तर धुतलेल्या गाडीवरच. धुळीच्या गाडीवर कव्हर म्हणजे वारा आला की पॉलिश पेपरच फिरतो.

टूथपेस्टचं कुणीतरी चिठ्ठीत विचारलंय. टूथपेस्ट म्हणजे घासायची पूडच, ओरखडा जातो आणि त्याबरोबर किती रंग जातो ते कळत नाही. दातांना ठेवा.

बरं, अजून वीसेक मिनिटं ऊन आहे. बाई गाडी स्वतः चालवत घेऊन आल्यात, बाहेर नळाजवळ लावली आहे. तिरप्या उन्हात बघा, रेघा अजून आहेत, खोल होत्या त्या मी काढल्या नाहीत. आणि टपावर डाव्या हाताला गटरजवळ तो करडा ठिपका आहे तोही बघा. हात लावायचा असेल तर बाईंना विचारून लावा, आणि अंगठी आधी काढा.