तिसऱ्या पेरावरची रिकामी जागा

श्रोतेहो, नमस्कार.

अमूर्त चित्रासमोर उभे राहिले, की ‘यात काय दिसते?’ हा प्रश्न हटकून विचारला जातो. त्याच्या उत्तरासाठी आपण नाशिककरांनी कलादालनाआधी द्राक्षबागेत डोकवायला हरकत नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर फुटलेली एखादी काडी हातात घेऊन खालून वर पाहत जावे. पाने एकाआड एक, डावी-उजवीकडे लागलेली असतात. खालची काही पेरे सोडली, की पानासमोर घड किंवा बाळी, म्हणजे आधाराला वेटाळणारा तंतू, येते, पुढच्या पेरावरही येते. तिसऱ्या पेरावर मात्र पानासमोर काहीच नसते. मग पुन्हा दोन भरलेली, एक रिकामे. वेलीची ही रीत बाळ्या खुडणाऱ्या बाईच्या बोटांना न मोजता ठाऊक असते.

अशा आवर्तनाच्या विषयात सूर्यफुलातल्या बियांच्या 34 आणि 55 वळणांचा दाखला देण्याची प्रथा आहे. तो खराच आहे, पण आता फार झिजला आहे. त्यापेक्षा पांडवलेणी जवळची. तिथल्या तिसऱ्या क्रमांकाच्या सातवाहनकालीन लेण्याच्या दर्शनी भागावर वेदिकेचा कठडा कोरला आहे. उभे खांब आणि त्यांत अडकवलेल्या आडव्या पट्ट्या ही मुळात सुताराची जोडणी. दगडाला तिची गरज नव्हती. गरज सरली, आवर्तन तेवढे उरले आणि त्याचीच नक्षी झाली.

अमूर्त चित्रकार नसरीन मोहमदी यांची रेखाटने पाहताना मात्र मला वेलीचे ते रिकामे पेर आठवते. 1937 मध्ये कराचीत जन्मलेल्या नसरीनबाई 1972 पासून 1990 मध्ये निधन होईपर्यंत बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकवत होत्या. कागद, शाई, पेन्सिल आणि आराखडे काढणाऱ्यांची अवजारे, एवढ्यावर ओढलेल्या समांतर रेषा. चित्रांना बहुधा नावही नाही. त्या रेषांमधले अंतर कुठे आवळत जाते, कुठे सैलावते, एखादी रेषा फिकट होऊन मध्येच थांबते, आणि पुढची रेषा गृहीत धरून सरकणारा आपला डोळा तिथे अडखळतो. त्यांनी वेली काढल्या, असे मी मुळीच म्हणत नाही. नेम आणि त्यात पडणारा खंड यांचे नाते मात्र दोन्हीकडे सारखेच आहे.

अखेरच्या वर्षांत आजारामुळे हातावरचा ताबा सुटत चालला, तरी त्यांचे रेखाटन थांबले नाही. त्या काळातल्या कागदांवर रेषा मोजक्या आहेत, आणि कोरी जागा पुष्कळ.