कोर्सची यादी कोण ठरवतं?

नमस्कार मंडळी. आज मोठ्या माणसांच्या शाळेबद्दल बोलूया, म्हणजे नोकरी-संसार सांभाळून संध्याकाळी परत वही उघडणारे लोक. कुठल्या कोर्सला गर्दी होते हे दर काही वर्षांनी बदलतं, आणि आपण लगेच म्हणतो लोकांची आवड बदलली. मला नाही तसं वाटत.

आता बघा, इंग्लंडच्या आयझॅक पिटमननी 1837 मध्ये शॉर्टहँडची, म्हणजे बोललेलं खुणांनी झरझर टिपून घ्यायची पद्धत छापली, 1840 ला ब्रिटनमध्ये पोस्ट स्वस्त झालं तसे ते टपालानेच धडे द्यायला लागले, लोक लिहून पाठवायचे आणि तपासून परत यायचं. पुढे टाइपरायटर आला नि शॉर्टहँड-टायपिंग ही जोडी कितीतरी पिढ्यांना नोकरी देऊन गेली. मग 1985 ला एक्सेल आलं, जमाखर्चवाले सगळे कॉम्प्युटर क्लासला पळाले. 2022 च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आलं आणि आता जो तो एआयचा कोर्स विचारतोय. यात आवड कुठे आली हो, ऑफिसात नवीन मशीन आलं की खुर्ची जाईल ही धास्ती, बस्स.

दुसरी गोष्ट खिशाची. ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीत, म्हणजे घरबसल्या शिकवणाऱ्या विद्यापीठात, 1971 ला पहिली बॅच बसली तेव्हा त्यात शाळेतले मास्तर भरपूर होते, कारण डिग्री मिळाली की पगार वाढायचा. इतिहास, साहित्य असं काहीबाही लोक तेव्हा निवांत घ्यायचे. 2012 ला इंग्लंडमध्ये फी भरमसाट वाढली आणि पुढच्या काही वर्षांत पार्टटाइम शिकणारे जवळजवळ निम्म्यावर आले. कर्ज काढून शिकायचं म्हटलं की माणूस नोकरी देणारंच निवडणार ना, मग रिपोर्टवाले लिहिणार की साहित्याची मागणी घटली. अरे घटली कसली, परवडेना!

ऑनलाइन फुकट कोर्स आले, 2012 पासून तर पूरच, तिथे नाव घालायला काहीच लागत नाही, म्हणून लोक पाच-पाच कोर्सना नाव घालतात आणि शेवटपर्यंत पोचणारे अगदी मोजके, त्यामुळे नुसता नाव घातलेल्यांचा आकडा बघून मागणी ठरवू नये.

आणि एक, माणूस तोच असतो पण वय वेगळं. पंचविशीत टायपिंगला बसलेला चाळिशीत मॅनेजमेंटला येतो, साठीनंतर चित्रकलेला. फॉर्मवर विचारलेलं असतं, कोर्स कशासाठी: नोकरी, बढती, इतर. हे साठीनंतरचे लोक गुपचूप 'इतर'वर टिक करतात.