सलगमचा कंदील, नाचरे सांगाडे

मंडळी, हॅलोविनचं, म्हणजे ३१ ऑक्टोबरच्या भुताखेतांच्या सणाचं, मूळ विचारलं की उत्तर तयार असतं: केल्टिक लोकांचा साउविन. उत्तर बरोबर आहे, पण त्यावर फार इमले बांधू नयेत. साउविन म्हणजे आयर्लंड-स्कॉटलंडकडचा, हिवाळ्याच्या तोंडावरचा सण. उन्हाळी कुरणांवरची गुरं तेव्हा खाली आणत. ३१ ऑक्टोबरच्या रात्री मेलेले परत फिरतात ही समजूतही तिकडची. पण याबद्दलचं बरंचसं लेखन पुढे ख्रिस्ती मठांत झालं. त्यामुळे मूळ विधींचं कोणी फारच रसभरित वर्णन करू लागलं की मी सावध होतो. चर्चने १ नोव्हेंबर सर्व संतांना दिला, २ नोव्हेंबर मृतात्म्यांना. वसईत, गोव्यात त्या दिवशी कबरींवर फुलं-मेणबत्त्या दिसतात त्या याच परंपरेतल्या. हॅलोविनच्या कोरलेल्या भोपळ्याशी त्यांचं काही देणंघेणं नाही.

भोपळा तर फार नंतरचा. आयरिश लोक सलगम कोरून कंदील करत. तिथल्या मेयो परगण्यातल्या राष्ट्रीय संग्रहालयात अशा एका कंदिलाची प्लास्टरची प्रतिकृती आहे. खोल गेलेले डोळे, वेडेवाकडे दात, सुकून आक्रसलेला चेहरा! त्यापुढे केशरी भोपळा अगदीच गोजिरवाणा. एकोणिसाव्या शतकात दुष्काळाने देशोधडीला लागलेले आयरिश अमेरिकेत गेले. तिथे भोपळा मुबलक, मोठा आणि कोरायला सोपा.

आता माझा मुद्दा. आज जगभर साजरा होतो तो हॅलोविन आयर्लंडने कमी आणि पडद्याने जास्त शिकवला. अमेरिकेत युद्धकाळातलं साखरेचं रेशनिंग १९४७ मध्ये उठलं आणि हॅलोविनला मुलांनी दारोदार गोळ्या-चॉकलेटं मागणं फोफावलं. १९५२ मध्ये डिस्नेच्या 'ट्रिक ऑर ट्रीट' या कार्टूनमध्ये डोनाल्ड डकचे तिघे भाचे त्याच्याच दारात येतात. हा कंजूष मामा त्यांच्या पिशव्यांत खाऊऐवजी फटाके टाकतो! १९६६ मध्ये टीव्हीवर हॅलोविनच्या कार्टूनमध्ये चार्ली ब्राउन हा कॉमिकमधला मुलगा आला. बाकीच्यांच्या पिशवीत खाऊ, याच्या पिशवीत फक्त दगड. त्याचा मित्र लायनस भोपळ्याच्या मळ्यात रात्र काढतो, आणि ज्याची वाट पाहतो तो महाभोपळा येतच नाही. अख्ख्या गोष्टीत खरं भूत एकही नाही, तरी अमेरिकेत ती वर्षानुवर्षं पाहिली गेली.

मला स्वतःला विचाराल तर १९२९ चा 'द स्केलेटन डान्स' हा डिस्नेचा कार्टूनपट सगळ्यांत वरचा. जेमतेम साडेपाच मिनिटं. यात हॅलोविनचं नावही नाही. कल्पना संगीतकार कार्ल स्टॉलिंगची. चित्रं जवळजवळ एकट्या अब आयवर्क्सने काढलेली. स्मशानात सांगाडे नाचतात, आणि एक जण दुसऱ्याच्या मणक्यांवर चक्क झायलोफोन वाजवतो. प्रत्येक ठोका हाडावर बरोब्बर पडतो. भीती कुठे संपते आणि हसू कुठे फुटतं, कळत नाही.

घरी लहान मुलं असतील तर सुरुवात इथूनच करा. हेन्री सेलिकचा 'कोरलाइन' हा चित्रपट (२००९) मात्र थोडी मोठी झाल्यावर. त्यात कोरलाइन या मुलीला आईसारखीच दिसणारी एक 'दुसरी आई' भेटते; तिला डोळ्यांच्या जागी बटणं आहेत, आणि तशीच बटणं तिला मुलीच्या डोळ्यांवरही शिवायची आहेत.