पेटंटभंगासाठी तुरुंग हवा का?

[दृश्य: प्रदर्शनाचा मोठा हॉल, स्टॉलच्या रांगा, झगमगते पडदे]

मार्च २००८. जर्मनीतलं हॅनोव्हर शहर. सेबिट हे संगणक आणि इलेक्ट्रॉनिक्सचं भलंमोठं प्रदर्शन ऐन भरात आलेलं, आणि हॉलमध्ये पोलीस शिरले. पोलीस आणि कस्टम अधिकारी मिळून १८० च्या आसपास माणसं. ५१ स्टॉलची झडती झाली. मोबाईल, रस्ता दाखवणारी यंत्रं, डिजिटल फोटोफ्रेम आणि माहितीपत्रकं खोक्यांत भरून उचलून नेली.

माल कुठून चोरून आणलेला नव्हता. त्या यंत्रांत एमपी३ सारखं तंत्र पेटंटधारकाची परवानगी न घेता वापरलंय, असा संशय होता. जर्मनीत जाणूनबुजून केलेला पेटंटभंग हा गुन्हा आहे. ३ वर्षांपर्यंत कैद, आणि धंदा म्हणून केला असेल तर ५ वर्षांपर्यंत.

[दृश्य: जगाचा नकाशा, एकेक देश उजळतो]

जपानमध्ये हीच कैद १० वर्षांपर्यंत जाते आणि कंपनीला ३० कोटी येनपर्यंत दंड होऊ शकतो. दक्षिण कोरियात ७ वर्षं. फ्रान्समध्ये ३ वर्षं आणि ३ लाख युरो. अमेरिका, ब्रिटन आणि भारतात मात्र पेटंटभंगासाठी कोणी तुरुंगात जात नाही. तिथे दिवाणी दावा चालतो, मनाई हुकूम मिळतो, नुकसानभरपाई वसूल होते. जागतिक व्यापार संघटनेचा १९९५ पासून लागू असलेला, बौद्धिक संपदेबाबतचा ट्रिप्स करार फौजदारी कारवाईची सक्ती करतो ती बनावट ट्रेडमार्क आणि कॉपीराइटच्या चाचेगिरीपुरती. पेटंटचा निर्णय त्याने ज्या त्या देशावर सोडला आहे.

हा फरक का, हे समजायचं तर पेटंटचा कागद जवळून पाहायला हवा.

[दृश्य: पेटंटच्या कागदावरून सरकणारा कॅमेरा, एका शब्दावर थांबतो]

पेटंटचा जीव असतो त्याच्या दाव्यांत. हे कोर्टातले दावे नव्हेत, माझा शोध नेमका कोणता हे सांगणारी पेटंटमधली वाक्यं. संशोधकाची हद्द कुठून कुठपर्यंत, हे ही वाक्यं ठरवतात. समजा, एका झाकणाच्या पेटंटमध्ये लिहिलंय, ‘बाटलीच्या तोंडाला घट्ट बसणारी लवचीक कडी’. दुसऱ्या कारखानदाराने कडी कडक प्लास्टिकची केली, पण दाबली की ती केसभर वाकते. मग ती लवचीक म्हणायची की नाही? या एका शब्दावर दोन्हीकडचे वकील आणि तज्ज्ञ वर्षानुवर्षं भांडू शकतात. खालच्या कोर्टाने ‘हो’ म्हटलं तरी वरचं कोर्ट ‘नाही’ म्हणू शकतं. आणि तीच गोष्ट आधीपासून माहीत होती असा जुना पुरावा सापडला, तर ते पेटंटच रद्द होऊ शकतं.

शिवाय पेटंटभंग व्हायला नक्कल करावीच लागते असं नाही. तीच गोष्ट स्वतःच्या डोक्याने शोधली तरी भंग होतोच. १४ फेब्रुवारी १८७६ ला अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल आणि एलिशा ग्रे या दोघांचेही टेलिफोनसंबंधीचे कागद एकाच दिवशी अमेरिकेच्या पेटंट कार्यालयात पोहोचले होते.

[दृश्य: इन्स्टंट कॅमेऱ्यातून हळूहळू बाहेर येणारा फोटो]

कोडॅकचं उदाहरण मला फार बोलकं वाटतं. १९७६ मध्ये कोडॅकने झटपट फोटो देणारा कॅमेरा बाजारात आणला. त्याआधी पेटंटच्या जाणकार वकिलांकडून एकेक गोष्ट तपासून घेतली होती. तरीही आधीपासून असे कॅमेरे बनवणाऱ्या पोलरॉइड कंपनीने दावा लावला आणि कोर्टाने ७ पेटंटचा भंग झाल्याचं ठरवलं. १९८६ मध्ये कोडॅकला हा धंदाच बंद करावा लागला. १९९१ मध्ये कोडॅकने पोलरॉइडला ९२.५ कोटी डॉलर मोजले. भंग मुद्दाम केलेला नव्हता, असं कोर्टाचं मत पडलं, म्हणून भरपाई तिप्पट झाली नाही.

इतकी काळजी घेणाऱ्यालाही जी हद्द दिसली नाही, ती ओलांडल्याबद्दल माणसाला कोठडीत घालायचं? माझं उत्तर ‘नाही’ असंच आहे. जिथे पेटंटभंग हा गुन्हा आहे त्या देशांतही तो मुद्दाम केल्याचं सिद्ध करावं लागतं, हे खरं. पण झडतीसाठी नुसता संशय पुरतो. प्रदर्शनाच्या दिवशी स्टॉल रिकामा झाला, की पुढे स्टॉलवाला निर्दोष सुटला तरी ते गिऱ्हाईक परत येत नाही.

एक बाजू मात्र मला अस्वस्थ करते. एकटा संशोधक, घर गहाण टाकून काढलेलं पेटंट, आणि समोर कोर्टाचा खर्च चहापाण्यासारखा पेलणारी बडी कंपनी. त्याला फौजदारी तक्रार हा स्वस्तातला आधार वाटतो. त्याची तळमळ खोटी नाही. त्याला हवा आहे लवकर लागणारा निकाल आणि परवडणारं कोर्ट.

युरोपीय संसदेत हा प्रश्न आला तेव्हा, एप्रिल २००७ मध्ये, सदस्यांनी बौद्धिक संपदेच्या फौजदारी कायद्याच्या प्रस्तावातून पेटंट वगळलं. पुढे तो प्रस्तावही मागे घेतला गेला. तैवानने तर असलेली शिक्षाच काढून टाकली, शोधांच्या पेटंटसाठी २००१ मध्ये आणि पेटंटच्या उरलेल्या प्रकारांसाठी (छोट्या सुधारणा आणि डिझाइन) २००३ मध्ये.

[दृश्य: एका डब्याच्या तळाशी छापलेला पेटंट क्रमांक]

खोटेपणाला मात्र तुरुंग असावा. अमेरिकेत पेटंटचा बनावट दस्तऐवज तयार करणाऱ्याला १० वर्षांपर्यंत कैद आहे. चीनच्या फौजदारी कायद्याचं २१६ वं कलमही खोटेपणाच पकडतं. दुसऱ्याचा पेटंट क्रमांक आपल्या मालावर छापून लोकांना फसवलं आणि प्रकरण गंभीर असलं, तर ३ वर्षांपर्यंत कैद. तोच माल, तो क्रमांक न छापता, विनापरवाना बनवून विकला, तर भरपाई द्यावी लागते, पण या कलमाखाली गुन्हा होत नाही.