साठीतल्या उंदरांना दिलेलं औषध

[पडद्यावर : प्रयोगशाळेतले पिंजरे. काळे, करडे, तपकिरी उंदीर.]

हे उंदीर ६०० दिवसांचे आहेत. प्रयोगशाळेतला उंदीर साधारण सव्वादोन-अडीच वर्षं जगतो, म्हणजे माणसाच्या हिशेबानं यांची साठी झाली. आपल्याकडे या वयात साठीशांत करतात, निवृत्तीचे कागद हातात पडतात आणि गुडघ्यापासून साखरेपर्यंत कुठल्याही तक्रारीला एकच उत्तर मिळतं : वय झालं आता.

या उंदरांना त्या वयात एक औषध सुरू केलं, रोजच्या खाण्यातून. आणि ते जास्त जगले.

जुलै २००९ मध्ये 'नेचर' या विज्ञान-पत्रिकेत हा निष्कर्ष छापून आला. ज्या वयापर्यंत शंभरातले नव्वद उंदीर मेलेले असतात, ते वय माद्यांमध्ये १४ टक्क्यांनी आणि नरांमध्ये ९ टक्क्यांनी पुढे गेलं होतं. औषधाचं नाव रॅपामायसिन.

आयुष्य वाढवण्याचे प्रयोग तोपर्यंत झाले नव्हते असं नाही. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात क्लाइव्ह मॅके यांनी १९३५ मध्येच दाखवलं होतं की पोषण सांभाळून खाणं कमी केलं तर घुशीच्या जातीचे पांढरे उंदीर जास्त जगतात. पण मॅके यांनी खाण्यावर बंधन घातलं होतं ते पिल्लं आईच्या दुधावरून सुटली तेव्हापासून. साठीच्या माणसाला त्याचा काय उपयोग? २००९ चा प्रयोग थेट त्याच्या वयाशी बोलत होता.

खरं तर उशिरा सुरुवात करायची असं कुणी ठरवलेलं नव्हतं. औषध उंदरांच्या खाण्यात मिसळलं की टिकत नव्हतं. टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओच्या प्रयोगशाळेत रँडी स्ट्राँग आणि त्यांचे सहकारी त्यावर उपाय शोधत बसले. शेवटी औषधाच्या कणांवर असं आवरण चढवता आलं की ते पोटात न विरघळता आतड्यात विरघळेल. या खटपटीत इतका वेळ गेला की प्रयोगासाठी ठेवलेले उंदीर म्हातारे झाले. त्यांना बाजूला ठेवून नवे, तरुण उंदीर घेता आले असते. संशोधकांनी म्हाताऱ्यांनाच औषध द्यायचं ठरवलं. या क्षेत्रातला सगळ्यात मोलाचा निर्णय कुठला, असं मला कुणी विचारलं तर मी याच निर्णयाकडे बोट दाखवेन.

या निष्कर्षावर विश्वास ठेवावा असं वाटण्याचं आणखी एक कारण आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय वार्धक्य संस्थेचा हा उपक्रम एकाच वेळी तीन ठिकाणी चालतो : मेन राज्यातलं बार हार्बर, मिशिगनमधलं अ‍ॅन आर्बर आणि सॅन अँटोनिओ. प्रयोग तोच, पण माणसं, हवा-पाणी, पिंजरे वेगळे. उंदीरही चार वाणांच्या संकरातून आलेले, म्हणजे एकमेकांच्या हुबेहूब नकला नव्हेत. रेड वाइनमधल्या रेझव्हेराट्रॉलचा केवढा गाजावाजा झाला होता. या तीन ठिकाणच्या परीक्षेत ते उतरलं नाही. मधुमेहाच्या गोळ्यांमधलं मेटफॉर्मिन एकटं दिलं तर तेही तिथे आयुष्य ठळकपणे वाढवू शकलं नाही. रॅपामायसिन मात्र तिन्ही ठिकाणी टिकलं. पुढे डोस वाढवून आणि नऊ महिन्यांच्या वयापासून सुरुवात करून पाहिलं, तेव्हा मध्यम आयुर्मान, म्हणजे निम्मे उंदीर मेलेले असतात ते वय, माद्यांमध्ये २६ टक्के आणि नरांमध्ये २३ टक्के वाढलं.

[पडद्यावर : पॅसिफिक महासागर. दूरवर एक बेट.]

हे औषध कुणी प्रयोगशाळेत रचलेलं नाही. ते मातीतून आलं.

चिलीच्या किनाऱ्यापासून साडेतीन हजार किलोमीटरहून जास्त अंतरावर रापा नुई हे बेट आहे. जग त्याला ईस्टर आयलंड म्हणतं आणि मोआई नावाच्या दगडी पुतळ्यांमुळे ओळखतं. तिथल्या माणसांचा इतिहास त्या मानानं कमी सांगितला जातो. १८६२-६३ मध्ये पेरूहून आलेल्या टोळ्यांनी इथली माणसं गुलामीसाठी पळवून नेली. जी थोडी परत आली त्यांच्याबरोबर देवीची साथ आली. १८७७ मध्ये बेटावर १११ मूळ रहिवासी उरले होते. १८८८ मध्ये चिलीनं बेट ताब्यात घेतलं, पुढे ते मेंढपाळीसाठी एका कंपनीला दिलं गेलं, आणि ज्यांची जमीन होती त्यांना हांगा रोआ या एकाच गावात कोंडून राहावं लागलं. चिलीचं पूर्ण नागरिकत्व त्यांना मिळालं ते १९६६ मध्ये.

त्याच्या थोडं आधी, डिसेंबर १९६४ मध्ये, कॅनडाच्या नौदलाचं 'केप स्कॉट' हे जहाज इथे आलं. बेटावर विमानतळ व्हायचा होता. बाहेरच्या जगाशी संपर्क वाढण्याआधी इथल्या माणसांची आणि निसर्गाची तपासणी करायची, असा मॉन्ट्रियलचे डॉक्टर स्टॅन्ली स्कोरिना यांच्या मोहिमेचा हेतू होता. जवळपास हजार माणसांची वस्ती, आणि त्यातल्या बहुतेकांच्या रक्ताचे नमुने घेतले गेले. याच मोहिमेतले सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ जॉर्ज नोग्राडी यांना एक गोष्ट खटकत होती. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि घोड्यांच्या लिदेत असतात. इथे माणसं अनवाणी फिरतात, बेटावर घोडे आहेत, तरी धनुर्वात कसा दिसत नाही? त्यांनी बेटाचे ६७ भाग पाडले आणि प्रत्येक भागातली माती कुप्यांमध्ये भरली.

ती माती पुढे मॉन्ट्रियलच्या एयर्स्ट या औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत पोचली. तिथे सुरेंद्रनाथ सेहगल काम करत होते. जन्म फाळणीपूर्व पंजाबातला, शिक्षण बनारस हिंदू विद्यापीठात, डॉक्टरेट इंग्लंडमधल्या ब्रिस्टलची. मातीतला एक जिवाणू असं काही तरी तयार करतो की बुरशी वाढतच नाही, हे त्यांच्या आणि क्लोद व्हेझिना यांच्या गटाला दिसलं. १९७२ च्या सुमारास तो रेणू वेगळा झाला, १९७५ मध्ये त्यावरचे निबंध छापले गेले. पण बुरशीवरचं औषध म्हणून ते निरुपयोगी ठरलं, कारण ते प्रतिकारशक्तीही दाबत होतं. सेहगल यांनी नमुना अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेकडे पाठवला. गाठींची वाढ थांबते आहे असा अहवाल आला. तरीही कंपनीनं लक्ष घातलं नाही. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला मॉन्ट्रियलची प्रयोगशाळाच बंद झाली आणि सेहगल यांना न्यू जर्सीला जावं लागलं.

त्यांच्या कुटुंबानं सांगितलेली हकिकत अशी : जाण्याआधी सेहगल यांनी त्या जिवाणूची एक शेवटची खेप वाढवली, कुप्या भरल्या आणि घरच्या फ्रीझरमध्ये ठेवल्या. घर हलवताना त्या सुक्या बर्फात बांधून नेल्या. काही वर्षांनी कंपनीचं विलीनीकरण झालं, नवे वरिष्ठ आले, आणि त्यांना पटवून सेहगल यांनी काम पुन्हा सुरू केलं. प्रतिकारशक्ती दाबणं हाच ज्याचा दोष मानला होता, तोच गुण किडनी प्रत्यारोपणात हवा असतो. शरीरानं नवी किडनी परकी म्हणून नाकारू नये म्हणून. सप्टेंबर १९९९ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली, सिरोलिमस या नावानं.

त्याआधी, १९९८ मध्ये, सेहगल यांना मोठ्या आतड्याचा कर्करोग झाल्याचं कळलं होतं. तो पसरलेला होता. त्यांनी स्वतः आपलंच औषध घ्यायला सुरुवात केली. काही वर्षं बरी गेली. मग औषधाचाच परिणाम आहे का हे पाहायला त्यांनी ते थांबवलं आणि रोग उलटला. जानेवारी २००३ मध्ये ते गेले. एका माणसाच्या अनुभवानं काही सिद्ध होत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार. पण या औषधाची भावंडं पुढे किडनीच्या कर्करोगावर वापरात आली : २००७ मध्ये टेमसिरोलिमस, २००९ मध्ये एव्हरोलिमस.

आणि ते आपल्या घरांतही आलं आहे. नात्यात कुणाची अँजिओप्लास्टी झाली असेल, औषधाचा लेप असलेला स्टेंट टाकला असेल, तर तो लेप बहुधा सिरोलिमसचा किंवा त्याच्या भावंडांपैकी एकाचा असतो. नुसत्या धातूच्या स्टेंटवर रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या पेशी वाढून वाट पुन्हा अरुंद होते. हे औषध ती वाढ रोखतं. सातारा, नागपूर, मडगाव, कुठेही बघा, रापा नुईच्या मातीचा हा अंश कित्येकांच्या हृदयात आहे. त्या बेटावरच्या लोकांना मात्र या औषधाच्या विक्रीतला वाटा मिळालेला नाही. ज्या मातीतून एवढं आलं, तिच्या माणसांचं देणं अजून बाकी आहे, आणि ते दिलं गेलं पाहिजे.

[पडद्यावर : पेशीचं चलचित्र.]

आता, हे औषध पेशीत नेमकं काय करतं?

१९९१ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझल इथे जोसेफ हाइटमन, राव मोव्वा आणि मायकेल हॉल यांनी यीस्टमध्ये शोधलं की रॅपामायसिनचं लक्ष्य कोणतं. त्या प्रथिनाला टॉर म्हणतात. १९९४ पर्यंत सस्तन प्राण्यांमध्येही ते सापडलं. पेशीत अन्न पुरेसं आलं आहे का, याची खबर टॉरला लागते. अन्न भरपूर असेल तर ते सांगतं : वाढा, नवी प्रथिनं बनवा. अन्न कमी पडलं की टॉर शांत होतं आणि पेशी स्वतःतली मोडकी प्रथिनं, झिजलेले भाग तोडून वापरायला घेते. या सफाईच्या यंत्रणेच्या उलगड्यासाठी योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चं नोबेल मिळालं. घरात रोज पाहुणे असले की माळा आवरायला फुरसत मिळत नाही, तसं टॉर सतत चालू असलेल्या पेशीचं होतं. लहानपणी आणि तारुण्यात ही वाढ हवीच. नंतर मात्र अडगळ साचत जाते. रॅपामायसिन टॉरला अडवतं. पोटभर खाणाऱ्या पेशीलाही थोडा उपास घडल्यासारखं होतं.

इथे एक शंका येते, आणि ती रास्त आहे. प्रयोगशाळेतले उंदीर मोठ्या संख्येनं कर्करोगानं मरतात. रॅपामायसिन गाठी रोखतं. मग म्हातारपण लांबलं, की फक्त एक रोग? जर्मनीत डान एनिंगर यांच्या गटानं २०१३ मध्ये उंदरांची डझनावारी लक्षणं तपासली आणि म्हटलं की वार्धक्याचा वेग कमी झाल्याचा पुरावा तोकडा आहे. दुसऱ्या बाजूला, म्हाताऱ्या उंदरांच्या हृदयाचं काम या औषधानं सुधारल्याचं इतर गटांनी दाखवलं आहे. वाद मिटलेला नाही.

माणसांचं काय? २०१४ मध्ये जोन मॅनिक यांच्या गटानं ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या ६५ वर्षांपुढच्या २१८ जणांवर चाचणी केली. सहा आठवडे एव्हरोलिमस कमी प्रमाणात, मग दोन आठवडे काहीच नाही, मग फ्लूची लस. लसीचा परिणाम सुमारे २० टक्क्यांनी वाढला. प्रतिकारशक्ती दाबणारं औषध थोड्या प्रमाणात, ठरावीक काळ दिल्यावर म्हाताऱ्या प्रतिकारशक्तीला उलट बळ देतं, हे त्या क्षेत्रातल्यांनाही धक्का देणारं होतं. आशा वाढली. पण याच मार्गावरच्या दुसऱ्या एका औषधाची मोठी चाचणी २०१९ मध्ये फसली. वृद्धांमधले श्वसनाचे आजार कमी झाले नाहीत. त्यानंतर अमेरिकेत निरोगी प्रौढांना ४८ आठवडे, आठवड्यातून एकदा रॅपामायसिन देऊन पाहिलं. पोटाच्या आतली चरबी कमी होईल ही मुख्य अपेक्षा होती, ती पूर्ण झाली नाही. जास्त डोस घेणाऱ्या स्त्रियांमध्ये चरबी वगळून उरणारं वजन वाढलं, वेदना कमी झाल्या. टेक्सासमधून चालवल्या जाणाऱ्या एका मोठ्या चाचणीत माणसांच्या घरात राहणाऱ्या, मोठ्या चणीच्या, मध्यमवयीन कुत्र्यांना हे औषध दिलं जातं आहे.

म्हणजे आज, माणसाचं आयुष्य रॅपामायसिननं वाढतं असा पुरावा नाही. तरीही परदेशात हजारो लोक ते स्वतःच्या हिमतीवर घेत आहेत आणि समाजमाध्यमांवर डोस सांगत आहेत. आपल्याकडच्या कुणी ते पाहून गोळी सुरू करू नये, हे मला अगदी कळकळीनं सांगायचं आहे. तोंडात फोड येणं, जखमा उशिरा भरणं, कोलेस्टेरॉल वाढणं हे परिणाम माहीत आहेतच. रक्तातली साखरही वाढू शकते, आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार भारतात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे. जगातल्या क्षयरुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा इथला. कित्येकांच्या शरीरात क्षयाचे जंतू निपचित पडून असतात. अशा देशात प्रतिकारशक्तीशी खेळणारं औषध ऑकलंडच्या किंवा अमेरिकेच्या आकड्यांवर विसंबून घेता येणार नाही.

म्हणून ही तपासणी इथे व्हायला हवी. मुंबईत देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेनं ४५ वर्षांपुढच्या ७२ हजारांहून जास्त भारतीयांची पाहणी केलेली आहे. म्हातारपणी आपल्या माणसांना काय काय होतं, हे पुष्कळसं लिहून ठेवलेलं आहे. चाचणीसाठी सुरुवातीला दोन-तीनशे माणसं पुरतील. आधी क्षयाची तपासणी, पूर्ण काळ साखरेवर नजर, आणि मोजायचं ते साधंच : लस किती लागू पडली, वर्षात छातीचा संसर्ग किती वेळा झाला, हाताची पकड आणि चालण्याचा वेग टिकला का. औषध आपल्याच देशातल्या कंपन्या बनवतात आणि निर्यातही करतात. पण मूळ पेटंट कधीच संपलं असल्यामुळे अशा चाचणीवर पैसा घालून कुठल्याही कंपनीला फारसं काही मिळणार नाही. तो सरकारी निधीतूनच यावा लागेल.