जुनं फर्निचर खरवडायच्या आधी

नमस्कार मंडळी. घरात जुनं लाकडी कपाट असतं, खुर्ची असते, पॉलिश पार काळवंडलेलं, आणि आपण काय करतो, तर पॉलिश पेपर आणतो आणि बसतो घासत. थांबा हो जरा! लाकडाला वर्षानुवर्षं मुरून जो रंग येतो ना तो वरच्या अगदी पातळ थरात असतो, गेला की गेला, आणि वर व्हीनियर, म्हणजे चांगल्या लाकडाचा पातळ पापुद्रा, चिकटवलेलं असेल तर कधी आरपार गेलात कळणारही नाही.

आधी नुसतं पुसा. मऊ फडक्यावर टर्पेंटाइन घ्या, खिडक्या उघड्या ठेवा. जुनं मेण आणि मळ निघून फडकं तपकिरी होतं, आणि बरेचदा खालचं पॉलिश चांगलं धडधाकट निघतं.

मग ते पॉलिश कसलंय ते बघायचं. मागच्या बाजूला, दिसणार नाही अशा जागी डिनेचर्ड स्पिरिटचा थेंब टाका, थोड्या वेळाने बोट लावा, चिकट लागलं तर चपडा, म्हणजे लाखेचं पॉलिश. नाहीतर लॅकर थिनर लावा, त्यात विरघळलं तर लॅकर. दोन्हीला दाद देत नसेल तर बहुतेक व्हार्निश. नायट्रोसेल्युलोज लॅकर फर्निचरवर आलं १९२० च्या दशकात, त्यामुळे त्याआधीच्या वस्तूवर ते मूळचं नसणार.

चपडा असेल तर नशीब काढलंत! तो कितीही जुना असो, स्पिरिट लागलं की परत मऊ होतो, म्हणून बारीक तडे गेले असतील तर ब्रशने हलकं स्पिरिट फिरवा, एकदाच, परत परत नाही, तो आपला आपण वितळून तडे भरतो. सुकला की वर नवा पातळ चपडा, कापूस सुती कापडात गुंडाळून त्याच्या बोळ्याने. बोळा चालू ठेवायचा, मध्येच थांबलात की चिकटला, आणि दमट हवेत हे काम काढूच नका, पॉलिश दुधाळ होतं.

पांढरे डाग बहुतेक पॉलिशमध्ये अडकलेल्या ओलीचे, ते निघतात. काळे डाग मात्र लाकडातच उतरलेले, ते वेगळं आणि कटकटीचं काम.

आणि हो, अळशीचं तेल वापरलंत तर ती फडकी बोळा करून टाकू नका, आपोआप पेट घेतात, बाहेर मोकळ्यावर पसरून वाळवा.